आठ दिवसांत रिकामे झालेले सिंहासन

तीनशे चार वर्षे चाललेले एक राज्य आठ दिवसांत संपले. ८ मार्च १९१७ रोजी, गुरुवारी, रशियाच्या राजधानीतील काही कामकरी बायका भाकरी मागत रस्त्यावर आल्या. आणि पुढल्याच गुरुवारी, १५ मार्चला, मध्यरात्रीच्या सुमारास आगगाडीच्या एका डब्यात बसून झार दुसरा निकोलस याने राज्यत्यागाच्या कागदावर पेन्सिलीने सही केली. रशियात त्या वेळी जुने पंचांग चालू असे व ते आपल्या तारखांच्या तेरा दिवस मागे होते. म्हणून या घटनेस ‘फेब्रुवारी क्रांती’ हे नाव पडले. मी येथे सर्वत्र आपल्या परिचयाच्या तारखाच दिल्या आहेत.

या क्रांतीची एक मौज अशी की, जे क्रांतीची वाट पाहण्यात म्हातारे होत चालले होते त्यांनाही ती येताना दिसली नाही. लेनिन स्वित्झर्लंडमध्ये होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत झूरिक येथे तरुण कामगारांपुढे बोलताना तो म्हणाला होता की, येणाऱ्या क्रांतीची निर्णायक लढाई पाहण्यास आपल्यासारखे वडीलधारे कदाचित जिवंत नसतील. ट्रॉट्स्की न्यूयॉर्कला होता, स्टालिन सैबेरियात हद्दपारी भोगीत होता. झारच्या गुप्त पोलिसांपाशी या साऱ्यांच्या नावांची टाचणे होती. पण ज्या बायकांनी पहिला धक्का दिला त्यांची नावे कोणत्याच वहीत नव्हती.

मग सिंहासन पाडले कोणी? मी शाळेत इतिहास शिकवतो. पुस्तकात ‘क्रांतीची कारणे’ अशा मथळ्याखाली सात-आठ कलमे असतात आणि मुले ती पाठ करतात. कलमे खोटी नसतात. पण ती वाचून असे वाटते की कारणे साठत गेली, हंडा भरला आणि सांडला. राज्ये अशी सांडत नाहीत. लोकांच्या हालांनीच राज्ये पडत असती तर रशियाचे राज्य दर दहा वर्षांनी पडले असते. १९०५ साली तर सारा देश पेटला होता. तेव्हा सिंहासन हलले, पण टिकले. बारा वर्षांनी ते टिकले नाही. या दोन सालांमध्ये काय बदलले, एवढ्याच प्रश्नाचा मागोवा घेण्याचा या लेखात विचार आहे.

०

रोमानोव्ह घराणे १६१३ साली गादीवर आले. परकीयांच्या स्वाऱ्या आणि तोतयांची बंडे यांनी देश उद्ध्वस्त झाला असता जनसभेने सोळा वर्षांच्या मायकेल रोमानोव्हला झार म्हणून निवडले. म्हणजे या घराण्याचा मूळ पुरुष निवडून आलेला होता! पण पुढे ही गोष्ट विसरली गेली आणि झारची सत्ता देवाने दिलेली, तिला मर्यादा नाही, हा सिद्धान्त रूढ झाला. रशियन शेतकरी झारला ‘बाप’ म्हणे. जमीनदार छळतो, अंमलदार लुबाडतो, पण बापाला ते ठाऊक नाही. ठाऊक झाले तर तो न्याय करील, अशी त्याची श्रद्धा होती. ही श्रद्धा म्हणजे सिंहासनाचा पहिला खांब.

दुसऱ्या अलेक्झांडरने १८६१ साली भूदासांना मुक्त केले. परंतु जमिनीच्या मोबदल्याचे हप्ते त्यांच्या मानेवर पिढ्यान्‌पिढ्या बसले. याच अलेक्झांडरवर १३ मार्च १८८१ रोजी पीटर्सबर्गच्या रस्त्यात क्रांतिकारकांनी बाँब टाकला. त्याच सकाळी त्याने लोकांच्या प्रतिनिधींस सल्लामसलतीपुरते का होईना, पण कारभारात घेण्याच्या योजनेस संमती दिली होती. छिन्नविच्छिन्न झालेल्या आजोबांना राजवाड्यात आणले तेव्हा बारा वर्षांचा निकोलस तेथे उभा होता. सवलती देणाऱ्याचे असे होते, हा धडा त्या घराण्याने त्या दिवशी घेतला. बाँब टाकणाऱ्यांनी कोणता धडा घेतला हा निराळा प्रश्न. पण त्या एका स्फोटाने सुधारणेची वाट पंचवीस वर्षे बंद झाली, हे मात्र खरे.

निकोलसचे गुरू पोबेदोनोस्त्सेव्ह हे मोठे कायदेपंडित. लोकसभा म्हणजे या युगातील सर्वांत मोठे असत्य, असे त्यांचे मत. शिष्याने ते भक्तिभावाने स्वीकारले. निकोलस स्वभावाने दुष्ट नव्हता. तो सौम्य होता, मृदुभाषी होता, बायकोवर व मुलांवर जीव टाकणारा होता. १८९० च्या डिसेंबरात युवराज म्हणून पूर्वेच्या प्रवासास निघाला असता तो आपल्या मुंबईस उतरला होता. तेव्हा त्याचे वय बावीस. धाकटा भाऊ जॉर्ज बरोबर होता, पण त्याची प्रकृती इतकी बिघडली की त्याला मुंबईहूनच परत पाठवावे लागले. या प्रवासाचा मोठा सचित्र ग्रंथ बरोबरच्या प्रिन्स उख्तोम्स्कीने लिहिला. पुढे जपानात ओत्सू येथे बंदोबस्ताच्याच एका पोलिसाने युवराजाच्या डोक्यावर तलवार चालवली आणि तो थोडक्यात बचावला. अर्धे जग हिंडून आलेला हा तरुण जगाकडून काय शिकला, हे त्याच्या पुढील कारभारावरून मात्र कळत नाही.

१८९४ साली तो गादीवर आला. दोन-तीन महिन्यांतच जिल्हामंडळांचे प्रतिनिधी अभिनंदनास आले. कारभारात आपला शब्द ऐकला जावा, अशी त्यांतील काहींनी अदबीने इच्छा दर्शवली होती. त्यावर ही ‘अर्थशून्य स्वप्ने’ आहेत, असे नव्या झारने त्यांना बजावले. १८९६ च्या मे महिन्यात मॉस्कोस राज्यारोहण झाले. खोडिंका मैदानावर पेले आणि खाऊ वाटणार म्हणून लाखो लोक रात्रीपासून जमले. पहाटे चेंगराचेंगरी झाली व सरकारी आकड्याप्रमाणेच १,३८९ माणसे चिरडून मेली. त्या रात्री फ्रेंच वकिलाकडे नृत्याचा समारंभ होता. झारचे मन जाण्याचे नव्हते म्हणतात. पण काकांनी व दरबाऱ्यांनी सांगितले, आणि तो गेला. दुःख झाले होते हे खरे, पण नाचाला गेला हेही खरे. लोकांना फक्त दुसरे दिसले.

०

आता १९०५. आदल्या वर्षी जपानशी युद्ध जुंपले होते. आशियातील एका लहानशा राष्ट्राने युरोपातील सर्वांत विस्तीर्ण साम्राज्याला धूळ चारली. जानेवारीच्या आरंभी पोर्ट आर्थर पडले. राजधानीत पुतिलोव्ह कारखान्यातील काही कामगारांना काढून टाकल्यावरून संप सुरू झाला आणि पसरला. कामगारांचा पुढारी होता गापोन नावाचा एक पाद्री. त्याने ठरवले की बापाकडेच जावे.

२२ जानेवारी, रविवार. शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांतून माणसे हिवाळी राजवाड्याकडे निघाली. बायका होत्या, म्हातारे होते, कडेवर मुले होती. हाती संतांच्या तसबिरी आणि झारचीच चित्रे. ओठांवर प्रार्थना. अर्जात मागण्या कोणत्या? आठ तासांचा दिवस, संघटनेचे स्वातंत्र्य, आणि सर्व लोकांनी निवडलेली घटनासमिती. अर्जाच्या शेवटी लिहिले होते की, आम्हांला दोनच वाटा आहेत, एक स्वातंत्र्याची व सुखाची आणि दुसरी स्मशानाची. महाराजांनी दाखवावी ती वाट आम्ही धरू.

झार राजवाड्यात नव्हताच. तो शहराबाहेर त्सारस्कोये सेलो येथे होता. पुढे होते सैन्य. त्याने गोळ्या झाडल्या. सरकारने मृतांचा आकडा १३० च्या आसपास सांगितला. लोकांनी तो कधीच खरा मानला नाही. मॅक्झिम गॉर्की तेथे होता. डोळ्यांनी पाहिलेले लिहिले म्हणून त्याला तुरुंगात टाकले. त्या दिवशी माणसे किती मेली यापेक्षाही, झारच्या चित्राला झारच्याच शिपायांची गोळी लागली, ही गोष्ट मला मोठी वाटते. शेकडो वर्षांची ‘बापाला ठाऊक नाही’ ही समजूत बर्फावर रक्तात पडली. पहिला खांब गेला.

त्यानंतरचे वर्ष वणव्याचे होते. संप, शेतकऱ्यांचे उठाव, ‘पोटेम्किन’ या युद्धनौकेवरील बंड. ऑक्टोबरात तर आगगाड्या, टपाल, कारखाने सारे थांबले आणि पीटर्सबर्गला कामगारांचे सोव्हिएट उभे राहिले. ३० ऑक्टोबरला झारने जाहीरनामा काढला. त्यात नागरिकांना हक्क मिळाले व ड्यूमा म्हणजे लोकसभा कबूल झाली. डिसेंबरात मॉस्कोच्या कामगारांनी शस्त्रे उचलली, तेव्हा सेम्योनोव्स्की रेजिमेंट पाठवण्यात आली. तोफा डागून तिने वस्त्या मोडल्या. हे नाव ध्यानात ठेवावे. १९०५ साली सिंहासन वाचले ते जाहीरनाम्याने अर्धे, आणि अर्धे शिपायाने हुकूम पाळला म्हणून. श्रद्धेचा खांब पडला होता, संगिनीचा उभा होता.

या वणव्याच्या ठिणग्या आपल्याकडेही आल्या. सेनापती बापटांनी पॅरिसमध्ये राहून रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या मिळवली ती याच सुमारास. आणि १९०८ च्या जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी जो संप केला, त्याची नोंद लेनिनने त्याच वर्षी आपल्या एका लेखात घेतली. हिंदुस्थानचा कामगार आता राजकीय लढ्यास जागा झाला, असा त्याने त्याचा अर्थ लावला.

०

१९०६ ते १९१४ ही आठ वर्षे म्हणजे झारला मिळालेली शेवटची मुदत. ती त्याने कशी घालवली? पहिली ड्यूमा मे महिन्यात भरली. तिने जमिनीचा प्रश्न काढला आणि अडीच महिन्यांच्या आत ती बरखास्त झाली. दुसरीही साडेतीन महिन्यांत गेली. मग मतदानाचा कायदाच असा बदलला की जमीनदारांचे पारडे जड व्हावे. तेव्हा तिसरी ड्यूमा टिकली. पंतप्रधान स्टोलिपिन हा कर्तबगार खरा. बंडखोरांना त्याने फासावर चढवले आणि शेतकऱ्याला गावकीच्या सामाईक मालकीतून सोडवून स्वतःच्या जमिनीचा धनी करण्याची योजनाही आखली. पण तो जमीनदारांना नको होता, क्रांतिकारकांना नको होता, आणि झारलाही डोईजड वाटू लागला होता. १९११ च्या सप्टेंबरात कीव्हच्या नाट्यगृहात, झारच्या देखत, त्याच्यावर गोळी झाडली गेली. मारेकरी पोलिसांचाच खबऱ्या होता.

या काळात झारला कोणी सावध केले नाही असे मात्र म्हणता येत नाही. त्याच्याही आधी, १९०२ साली, टॉल्स्टॉयने त्याला पत्र लिहिले होते. पत्रात ‘प्रिय बंधो’ असे संबोधन होते! एकतंत्री राज्याचे दिवस गेले, लोकांना आपल्या इच्छा बोलू द्या, जमीन मोकळी करा, असा त्या वृद्ध ऋषीचा उपदेश होता. त्याचा उपयोग झाला नाही. टॉल्स्टॉय हा धर्मबहिष्कृत, म्हणून त्याचे ऐकले नाही असे समजू. पण १९१४ च्या फेब्रुवारीत दुर्नोव्हो या कट्टर राजनिष्ठ माजी गृहमंत्र्याने एक टिपण सादर केले. जर्मनीशी युद्ध झाले आणि त्यात अपयश आले तर सामाजिक क्रांती अटळ आहे, आणि ती ड्यूमातल्या सभ्य विरोधकांच्या हातीही राहणार नाही, असे त्याने लिहिले. पुढे जे घडले ते जवळजवळ त्याच क्रमाने घडले. टिपण कपाटात राहिले.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. पीटर्सबर्ग हे नाव जर्मन वाटते म्हणून शहराचे पेट्रोग्राड झाले. लोकांनी राजवाड्यापुढे गुडघे टेकून झारचा जयजयकार केला. महिन्याभरात टॅनेनबर्गला एक सबंध सैन्य नष्ट झाले. १९१५ साली तोफगोळे संपले, बंदुका पुरेनात. पुढचा पडला म्हणजे त्याची बंदूक उचलायची, अशा आशेवर मागच्या रांगेतली माणसे उभी राहिली. पोलंड गेला. युद्धाला जुंपलेल्या माणसांची संख्या अखेर दीड कोटीच्या घरात गेली. दारूबंदी केली, ती स्तुत्य. पण सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा दारूच्या मक्त्यातून येत होता, तो बुडाला, आणि नोटा छापून तूट भरली जाऊ लागली.

अशा वेळी १९१५ च्या सप्टेंबरात झारने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतले. मंत्र्यांनी हात जोडून, लेखी विनंती करून त्याला परावृत्त करण्याचा यत्न केला. कारण उघड होते: आजवर पराभव सेनापतींचे होत, यापुढे ते झारचे होणार. तो आघाडीमागच्या मोगिलेव्ह गावी जाऊन राहिला आणि राजधानीत कारभाराचा दोर राणी अलेक्झांड्राच्या हाती आला.

येथे रास्पुतिन येतो. माझ्यातील कादंबरीकाराला या माणसाचा मोह पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. राजपुत्राला रक्त न थांबण्याचा रोग, तो आईकडूनच आलेला, वैद्य हतबल, आणि सैबेरियातला हा मुझिक जवळ आला की मुलाला आराम पडे. आईच्या काळजाची ती अवस्था कोणास कळणार नाही? रोग गुप्त ठेवला होता, म्हणून लोकांना आईची व्यथा दिसली नाही; दिसला तो राजवाड्यात वावरणारा एक बदफैली बुवा. १९१६ च्या आरंभापासून वर्षभरात चार पंतप्रधान झाले. नोव्हेंबरात ड्यूमात मिल्युकोव्हने सरकारच्या चुकांचा पाढा वाचीत पुनःपुन्हा विचारले: हा मूर्खपणा की देशद्रोह? डिसेंबरच्या अखेरीस प्रिन्स युसुपोव्ह आणि झारच्याच एका चुलतभावाने रास्पुतिनला ठार केले. पण त्याच्या खुनानंतर काय बदलले? काही नाही. एक मंत्रीसुद्धा शहाणा झाला नाही. म्हणूनच मला वाटते, रास्पुतिन हा रोग नव्हता. अंगावर उठलेला चट्टा होता. कादंबरीत तो मध्यभागी शोभेल, इतिहासात त्याची जागा समासात आहे.

०

१९१७ चा हिवाळा कडक होता. देशात धान्य नव्हते असे नाही. पण शेतकरी ते कवडीमोल झालेल्या नोटांसाठी विकण्यास राजी नव्हता, आणि जे निघाले ते वाहून आणण्यास इंजिने व डबे अपुरे होते. राजधानीत बायका पहाटेच्या अंधारात भाकरीच्या दुकानापुढे रांगा लावीत आणि तेथूनच दहा-बारा तासांच्या कामावर जात. लवकरच शिधावाटप सुरू होणार ही बातमी फुटली आणि दुकाने रिकामी होऊ लागली. ७ मार्चला पुतिलोव्ह कारखान्याने टाळेबंदी केली. त्याच दिवशी झार मोगिलेव्हला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी महिला दिन होता. व्हिबोर्ग वस्तीतील कापडगिरण्यांच्या बायका कामावरून उठल्या. त्यांच्या वस्तीतल्या क्रांतिकारक पुढाऱ्यांनी आदल्या दिवशीच त्यांना संप करू नका असे सांगितले होते; वेळ आली नाही, असे त्यांचे गणित होते. बायकांनी ते ऐकले नाही. शेजारच्या लोखंडी कारखान्यांच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारीत, हाका मारीत, त्यांनी पुरुषांना बाहेर काढले. संध्याकाळपर्यंत पाऊण लाखाहून अधिक लोक संपावर होते. दुसऱ्या दिवशी दीड-दोन लाख. पोलिसांनी पूल अडवले तेव्हा लोक गोठलेल्या नेव्हा नदीवरून चालत आले. तिसऱ्या दिवशी सारे शहर बंद पडले. कोसॅकांचे घोडेस्वार पुढे आले, पण चाबूक उगारला गेला नाही. माणसे घोड्यांच्या पोटाखालून पलीकडे गेली. झ्नामेन्स्काया चौकात तर एका पोलीस अंमलदाराला कोसॅकानेच तोडले.

त्या रात्री मोगिलेव्हहून तार आली: राजधानीतील दंगा उद्यापासून बंद झाला पाहिजे. हुकूम मिळालेल्या सेनापती खाबालोव्हपुढे गोळीबाराखेरीज मार्ग उरला नाही. ११ मार्च, पुन्हा रविवारच. झ्नामेन्स्काया चौकात व्होलिन्स्की रेजिमेंटच्या शिक्षण-तुकडीने गोळ्या झाडल्या आणि चाळीसच्या वर माणसे पडली. रस्ते ओस पडले. सरकारला वाटले, जिंकलो. ड्यूमाचा अध्यक्ष रोद्झियान्को याने झारला तार केली की राजधानीत अराजक आहे, विश्वासातले मंत्रिमंडळ नेमा. या लठ्ठ माणसाने पुन्हा काहीतरी बाष्कळ लिहिले आहे, उत्तरही देणार नाही, असे झार म्हणाला. त्या संध्याकाळी तो सोंगट्या खेळला.

आणि त्याच रात्री खरा निकाल लागला. रस्त्यावर नव्हे, बराकीत. दिवसा ज्यांनी गोळ्या झाडल्या होत्या त्या व्होलिन्स्की शिपायांना झोप आली नाही. ही माणसे कोण होती? १९०५ साली सिंहासन वाचवणारे कसलेले शिपाई पूर्व प्रशियात आणि गॅलिशियात केव्हाच मातीला मिळाले होते. रेजिमेंटची नावे तीच होती, आतली माणसे निराळी. नांगरावरून किंवा कारखान्यातून नुकतीच ओढून आणलेली, किंवा जखमेतून उठून पुन्हा मरणाच्या तोंडी जाण्याची वाट पाहणारी. ज्या बायकांवर त्यांनी गोळ्या झाडल्या तशाच बायका त्यांच्या गावी रांगेत उभ्या होत्या. तिमोफेय किर्पिच्निकोव्ह नावाच्या एका सार्जंटने सोबत्यांना जमवले आणि ठरले की उद्या गोळी झाडायची नाही. सकाळी कॅप्टन आला, हुकूम सुनावू लागला, शिपायांनी नकार दिला. कॅप्टन परत फिरला तो आवारातच गोळी लागून पडला. आता मागे वाट नव्हती. एकटे राहिलो तर फाशी, म्हणून ते शेजारच्या बराकींकडे धावले. प्रिओब्राझेन्स्की आली, लिटोव्स्की आली. दुसऱ्या दिवसापर्यंत दीड लाखावरची सबंध छावणी फुटली. सेम्योनोव्स्कीसुद्धा! बारा वर्षांपूर्वी मॉस्को चिरडणारे हेच नाव होते.

तुरुंग उघडले, न्यायकचेरी जळाली. या दिवसांत मेलेल्या आणि जखमी झालेल्यांची संख्या सुमारे चौदाशे भरली. म्हणून ही रक्तहीन क्रांती होती हे म्हणणे खरे नाही. पण तीनशे वर्षांच्या राज्यासाठी, त्याच्या बाजूने, मरायला जवळजवळ कोणी पुढे आले नाही, हे खरे आहे. टॉराइड राजवाड्याच्या एका बाजूस ड्यूमातल्या सभ्य गृहस्थांची समिती आणि दुसऱ्या बाजूस कामगार-शिपायांचे सोव्हिएट, अशी दोन सरकारे एकाच छपराखाली त्या संध्याकाळी जन्मास आली.

०

झार घरी जाण्यास निघाला. त्सारस्कोये सेलोला मुलांना गोवर आला होता आणि राणीचा जीव टांगणीला लागला होता. १३ मार्चच्या पहाटे मोगिलेव्हहून गाडी सुटली. मालाया विशेरा येथे कळले की पुढील स्टेशने बंडखोरांच्या हाती आहेत. गाडी उलटी फिरली. बोलोगोये, द्नो अशी स्टेशने घेत १४ च्या संध्याकाळी प्स्कोव्हला पोहोचली. पृथ्वीच्या सहाव्या हिस्स्याचा धनी आपल्याच रुळांवर वाट शोधीत दीड दिवस हिंडला. बंड मोडण्यास पाठवलेला सेनापती इव्हानोव्ह हाही काही न करता परतला.

प्स्कोव्हला सेनापती रूझ्स्की वाट पाहत होता. १५ तारखेला सरसेनापतीचा प्रमुख साहाय्यक अलेक्सेयेव्ह याने सर्व आघाड्यांच्या सेनापतींना तारेने विचारले: काय करावे? उत्तरे आली. ब्रुसिलोव्हचे, एव्हर्टचे, आणि झारचा चुलता ग्रँड ड्यूक निकोलाय याचेही. सर्वांचा सल्ला एकच: राज्यत्याग करा. शिपायाने रविवारी रात्री जे ठरवले त्यावर सेनापतींनी गुरुवारी शिक्का मारला. झार उठून खिडकीशी गेला, परत आला, आणि होकार दिला.

प्रथम मुलाच्या नावे राज्य सोडायचे ठरले. मग त्याने वैद्याला विचारले: मुलगा बरा होईल का? वैद्याने खरे ते सांगितले. तेव्हा त्या बापाने बारा वर्षांच्या मुलाला आपल्याजवळच ठेवायचे ठरवले आणि राज्य भावाला, मायकेलला, लिहून दिले. रात्री ड्यूमाकडून गुच्कोव्ह व शुल्गिन आले, दोघेही राजसत्तेचे अभिमानी. त्यांनी सही घेतली. त्याने रोजनिशीत लिहिले की, सभोवार द्रोह, भ्याडपणा आणि फसवणूक आहे. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत, गाडीत गाढ झोप लागली व ज्युलियस सीझरविषयी पुष्कळ वाचले, असे आहे.

१६ मार्चला मायकेलने, घटनासमितीने देऊ केले तरच राज्य स्वीकारीन, असे लिहून दिले. मायकेलपासून सुरू झालेले राज्य मायकेलच्या नकाराने संपले.

०

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. नव्या सरकारने युद्ध थांबवले नाही, जमीन वाटली नाही. नोव्हेंबरात बोल्शेव्हिकांनी सत्ता घेतली. १९०५ च्या त्या अर्जात जी घटनासमिती मागितली होती ती अखेर १८ जानेवारी १९१८ ला भरली आणि रात्र सरण्याच्या आत पांगवली गेली. १६-१७ जुलैच्या रात्री एकातेरिनबुर्गच्या तळघरात झार, राणी, चार मुली, तो आजारी मुलगा, वैद्य आणि तीन नोकर अशा अकरा जणांना गोळ्या घातल्या. त्या मुलांचा अपराध काय, याला कोणत्याही क्रांतीने उत्तर दिलेले नाही. ज्या राज्याने हे केले तेही १९९१ साली संपले; आणि १९९८ मध्ये, बरोबर ऐंशी वर्षांनी, झारच्या अस्थी त्याच्या वाडवडिलांशेजारी पुरल्या गेल्या. दोन मुलांचे अवशेष सापडण्यास २००७ साल उजाडले.

तेव्हा सिंहासन पाडले कोणी, या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर असे: पाडले कोणी नाही, धरणारे हात एकामागून एक सुटत गेले. १९०५ च्या रविवारी शेतकऱ्या-कामकऱ्याचा हात सुटला, १९१७ च्या रविवारी शिपायाचा, आणि गुरुवारी सेनापतींचा. प्रत्येक वेळी आधी कोणीतरी अर्ज घेऊन आले होते, पत्र लिहिले होते, तार केली होती. टॉल्स्टॉयपासून रोद्झियान्कोपर्यंत सांगणाऱ्यांची उणीव नव्हती. निकोलसला लोक काय म्हणतात ते कळत नव्हते असेही नाही. पण ऐकणे म्हणजे सत्तेतून वाटा देणे, आणि वाटा देणे म्हणजे देवाशी बेइमानी, अशी त्याची खरीखुरी धर्मश्रद्धा होती. लबाड राजा कदाचित वेळीच वाकला असता. हा प्रामाणिक होता म्हणून मोडला, आणि मोडताना लाखोंना घेऊन गेला.

८ मार्च आज जगभर पाळतात. आमच्या शाळेतही त्या दिवशी मुलींची भाषणे होतात. त्या सकाळी व्हिबोर्गच्या गिरणीतून जी पहिली बाई दाराबाहेर पडली, तिने घरून निघताना मुलांना काय सांगितले असेल, याचा विचार माझ्या मनात येतो. बहुधा एवढेच, की येताना भाकरी घेऊन येते.